दिवाडीचा बांध: मांडवीतल्या एका बेटाचे प्रकरण

मुंबईहून मडगावला जाणारी कोकण रेल्वेची गाडी थिवी सोडते, टेकड्यांमधून वाट काढते आणि करमळी येण्याआधी काही मिनिटे अचानक सगळे मोकळे होते. आधी पाणी, मग एकदम सपाट शेते, मग पुन्हा मांडवीचे रुंद पात्र. मधली ती शेते म्हणजे दिवाडी बेट. पावसाळ्यात ती हिरवीगार दिसतात, पण खिडकीतून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की, त्यातली बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. नदी आणि भात यांच्यामध्ये उभा आहे तो मातीचा एक बांध. हे प्रकरण त्या बांधाचे आहे. दिवाडीवर राजवटी बदलल्या, देव बदलले, कायदे बदलले. त्या प्रत्येक वेळी बांध कोणी राखला, आणि आता तो राखायला माणूस का सापडत नाही, हा माझा प्रश्न.

दिवाडी तिसवाडी तालुक्यात, जुन्या गोव्याच्या समोर. दक्षिणेला मांडवीचा मुख्य प्रवाह, उत्तरेला नार्वेच्या बाजूचा फाटा. पश्चिमेकडे चोडण आणि पूर्वेकडे जुवे, ही शेजारची बेटे. दिवाडीच्या मध्यावर जांभ्या दगडाची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर पिएदादचे चर्च. जुनी वस्ती टेकडीच्या उतारावर आणि पायथ्याशी. पिएदाद, मलार आणि नार्वे ही मुख्य गावे. कारभार गोलती-नावेली आणि सां माथियश या दोन पंचायतींचा. घरे उंचावर आणि शेते खाली, ही मांडणी आपोआप झालेली नाही. उंच जमीन होती तेवढी राहायला घेतली आणि उरलेली जमीन माणसाने नदीकडून मागून घेतली.

म्हादई भीमगडच्या जंगलात उगम पावून गोव्यात उतरते आणि मांडवी होते. समुद्राची भरती-ओहोटी या नदीत गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत जाणवते. दिवाडी त्या वाटेवर समुद्राच्या बरीच जवळ. पावसाळ्यात बेटाभोवतालचे पाणी जवळजवळ गोडे असते. पाऊस ओसरला की खारेपणा वर सरकत जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये नदी चवीला समुद्रच होते. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढउतार दोन मीटरच्या पुढे जातो. म्हणजे बांध नसेल तर बेटाचा सपाट भाग रोज दोनदा पाण्याखाली जाईल आणि उरेल ती फक्त टेकडी.

अशा राखलेल्या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. गोव्यात साधारण अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे असे मानतात आणि ही पद्धत फार जुनी आहे: सहाव्या शतकाच्या सुमाराच्या बांदोड्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. रचना ऐकायला सोपी. नदीच्या कडेने चिखल, पेंढा आणि काठ्या यांचा बांध. जिथे लाटेचा मारा जास्त तिथे बाहेरून जांभ्या दगडाचे चिरे. बांधाच्या बाहेर खारफुटी राखायची, म्हणजे लाटेचा जोर तिच्यातच मुरतो. बांधाच्या आत लहान मेरांनी तुकडे पाडलेली शेते. शेतांपेक्षा खोलवर पोंय, म्हणजे पाणी खेळवणारा ओहोळ. पोंय जिथे बांधाला येऊन भिडते तिथे मानस.

मानस जवळून पाहावी अशी वस्तू आहे. दगडी चौकटीत जाड लाकडी फळ्यांची झडप, बिजागरीवर झुलणारी. ओहोटीला नदीची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर ढकलली जाते आणि शेतातले पाणी निघून जाते. भरती येऊ लागली की बाहेरचे पाणी तीच झडप आत रेटून चौकटीवर घट्ट बसवते. मोटार नाही, चाक नाही, कोणी उघडायला-मिटायला नाही. नदीचाच जोर नदीला अडवतो. पण झडप आणि चौकट यांच्या फटीत एखादे लाकूड अडकले, किंवा फळी कुजली, तर रात्रभर खारे पाणी आत झिरपत राहते आणि सकाळी शेतात पांढरट थर दिसतो. म्हणून मानशीवर रोज नजर ठेवणारा माणूस लागतो. बांधाचेही तेच. खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडते ती बहुतेक वेळा मोठ्या लाटेने नव्हे, खेकड्याच्या बिळाने. बिळातून आधी बोटाएवढी धार येते. त्याच दिवशी चिखलाचा गोळा दाबला तर काम संपले. आठवडाभर दुर्लक्ष झाले आणि मध्ये उधाण आले, तर पंधरा-वीस हात बांध वाहून जातो. एकदा खारे पाणी शेतात साचले की ती जमीन धुऊन निघायला एक-दोन पावसाळे तरी जातात.

पीकही या जमिनीसारखेच कणखर. कोरगूट हे इथले खारे सोसणारे भात. पावसाआधी माती ओढून उंचवटे करायचे, पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाऊ द्यायचे, मग मोड आलेले बी टाकायचे. खाजनात एकच पीक, सरद म्हणजे पावसाळी. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे पीक, टेकडीकाठच्या गोड्या पाण्याच्या शेतात. भात कापून झाले की त्याच खाजनात भरतीचे पाणी नेमून घ्यायचे आणि मानशीच्या तोंडाला जाळे लावून ओहोटीला कोळंबी, शेवटे, खेकडे धरायचे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मासळी सर्वांत जास्त. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने देतात, त्याला पावणी म्हणतात. पावणीचा हा पैसा आणि बांधाची दुरुस्ती यांचे नाते पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

हे सगळे सांभाळणारी संस्था म्हणजे गांवकारी. जमीन कोणा एकाची नाही, गावाची. गांवकारांची घराणी ठरलेली. शेते ठरावीक मुदतीने बोलीवर कसायला द्यायची, उत्पन्नातून आधी बांध, मानस, देऊळ आणि गावचा खर्च, मग सरकारचा भाग, आणि उरेल त्यातून गांवकारांना जोण, म्हणजे वार्षिक वाटा. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली तेव्हा ही व्यवस्था त्यांना तयार मिळाली. ती त्यांनी मोडली नाही. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याने तिचे रीतिरिवाज एका सनदेत लिहून काढले, आणि त्या सनदेत जुनी समजूत नोंदलेली आहे की फार पूर्वी चार माणसांनी ओसाड बेट लागवडीखाली आणले आणि त्यांचे वंशज ते गांवकार. मला ही नोंद मोलाची वाटते. गावावरचा हक्क इथे तलवारीने किंवा राजाच्या दानाने आलेला नाही, जमीन पाण्यातून वर काढण्याच्या कष्टाने आलेला आहे.

मात्र देव मोडले. दिवाडीच्या नार्वे गावी सप्तकोटेश्वराचे देवस्थान होते. गोव्याच्या कदंब राजांचा हा आराध्य देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत देऊळ पडले. विजयनगरचा माधव मंत्री गोव्यात आला तेव्हा त्याने ते पुन्हा उभारले. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी तिसवाडीतली देवळे पाडली, त्यात हेही गेले. त्या जागेजवळ आज कांदेलारियाचे कपेल, म्हणजे लहान चर्च, आहे, आणि कोटितीर्थ नावाच्या तळीचे अवशेष. देवाचे लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला नेले गेले. त्या बाजूला तेव्हा पोर्तुगीज अंमल नव्हता. तिथल्या वस्तीचे नावही नार्वेच. तिथे देवासाठी झालेल्या लहान देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी आहे. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. मराठी वाचकाला दिवाडी माहीत असते ती बहुधा या शिलालेखामुळे, आणि तीही नदीच्या पलीकडच्या काठावरून.

मी ही घटना बांधाच्या बाजूने पाहतो. देव पालखीत घालून नदीपार नेता येतो. ज्यांना जमले ते लोकही त्याच्या मागून गेले. पण बांध कुठे नेणार? जे मागे राहिले त्यांनी धर्म बदलला, नावे बदलली, टेकडीवरच्या आणि मलारच्या चर्चमध्ये जाऊ लागले. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न धर्मप्रसाराच्या कामाला वळवले गेले. हा अन्याय होता आणि त्याची जखम खोल आहे; ती कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही पावसाआधी बांधावर चिखल टाकायला तीच घराणी उतरत राहिली. गांवकारी तीच राहिली आणि तिला पोर्तुगीज दप्तरात कोमुनिदाद हे नाव मिळाले. नदीला पुजारी कोण आणि पाद्री कोण याचा फरक पडत नव्हता.

बांधाची ताकद उलट्या बाजूनेही एकदा दिसली, आणि ती गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात पक्की नोंदलेली आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या माणसांनी ओहोटीचा फायदा घेऊन शेजारच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंदी द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन आला. त्याची दाणादाण उडाली आणि तो जखमी होऊन कसाबसा परतला. पाठलाग अडवण्यासाठी बांध फोडून पाणी आत घेतले गेले. त्याच धामधुमीत महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात सापडला आणि खंडो बल्लाळाने उडी टाकून त्यांना वाचवले, ही बखरीतली कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती वाचताना आपण घोडा पाहतो, खंडो बल्लाळ पाहतो; पाणी आले कुठून हे विचारत नाही. ते खाजनाचे पाणी होते. शेकडो वर्षे शेतातून बाहेर ठेवलेली नदी एका दुपारी आत सोडली गेली. लढाई संपली, फौजा गेल्या, आणि नंतर तो बांध पुन्हा घालायला कोण उतरले असेल याची एक ओळही इतिहासात नाही.

पुढच्या दोन शतकांत जुने गोवे रोगराईने ओस पडले, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली, दिवाडी मात्र वसलेली राहिली. १६७६ मध्ये इथे जन्मलेले पाद्री जाकोम गोन्साल्विस श्रीलंकेत गेले आणि त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये ख्रिस्ती वाङ्मय उभे केले. पुढे पोर्तुगीज वसाहतींत, मुंबईत, आखातात जाणारी माणसे वाढली. बेटावरचा बोंदेरांचा उत्सव मात्र शेताच्या हद्दीशीच बांधलेला आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला वाड्यावाड्यांचे बावटे घेऊन मिरवणूक निघते आणि मुले बांबूच्या नळीतून फळांच्या गोळ्या उडवतात. लोक सांगतात ते असे: हद्दींवरून गावागावांत मारामाऱ्या होत, त्या मिटवण्यासाठी पोर्तुगिजांनी हद्दीवर निशाणे लावली आणि गावकऱ्यांनी ती दगडांनी पाडली.

आता मूळ प्रश्न.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये कूळकायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक झाली. हे व्हायलाच हवे होते. गांवकारी न्यायाची होती असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. जोण घेणारा गांवकार वेगळा आणि चिखलात उतरणारा कूळ किंवा मजूर वेगळा, ही स्थिती शतकानुशतके होती. अनेक गांवकार गाव सोडून गेले आणि तरी जोण घेत राहिले. कसणाऱ्याला जमीन मिळाली यात चूक काहीही नाही.

पण बांधाचे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने अर्धवटच दिले. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटना नेमल्या आणि बांध, मानस, पोंय यांची सामायिक जबाबदारी त्यांच्यावर टाकली. खर्चाचा मोठा भाग सरकारने द्यायचा. कागदावर हे ठीक दिसते. गांवकारीत मात्र एक गोष्ट होती जी या रचनेत आली नाही: शेताचे उत्पन्न, मासळीचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च एकाच वहीत होते आणि खर्चाची ओळ आधी होती. नव्या रचनेत शेत ज्याचे त्याचे झाले, बांध सगळ्यांचा राहिला आणि मोठ्या दुरुस्तीला शेतकी खात्याच्या मृदसंधारण विभागाची वाट पाहायची सवय लागली. बोटाएवढ्या बिळासाठी कोणी अर्ज करत नाही. खांड पडल्यावर अर्ज होतो, पाहणी होते, निविदा निघते आणि तोवर मृग येतो.

त्याच काळात भाताचा हिशेब बसेनासा झाला. मजुरी वाढली, तरुण पणजीला नोकरीला किंवा परदेशी गेले, एका पिकावर घर चालेना. कोळंबीचा भाव मात्र चढत गेला. मग मानशीची पावणी ही खाजनातली सर्वांत मोठी रक्कम झाली. पावणी घेणाऱ्याला वर्षाच्या मुदतीत पैसे वसूल करायचे असतात. त्याला हवे असते जास्त पाणी, जास्त दिवस. भात करणाऱ्याला हवा असतो कोरडा वाफा. झडप थोडी उशिरा बसवली, भात उभे असताना पाणी घेतले, तर मासळी वाढते आणि शेत जाते. एकदा शेत पडले की त्याच्या मालकाला बांधात रस उरत नाही. पडीक खाजनात खारफुटी आपणहून रुजते. बांधाबाहेर जी खारफुटी रक्षण करते तीच आत आली की कायद्याने तोडता येत नाही, आणि शेत परत शेत करण्याची वाट बंद होते. गोव्याच्या अनेक खाजनांत हे घडले आहे. दिवाडीही त्यातून सुटलेली नाही.

बाहेरचे घावही आहेत. खनिजाच्या बार्जेस मांडवीतून वर्षानुवर्षे गेल्या. त्यांच्या लाटांनी काठ खाल्ले. कोकण रेल्वेच्या आखणीला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात मोठा विरोध झाला, त्यातला एक मुद्दा हाच होता की रुळांचा भराव खाजनातून जाईल तिथे पाण्याच्या वाटा अडतील. १९९८ मध्ये रेल्वे पूर्ण सुरू झाली. गाडी बेटावरून जाते, बेटावर थांबत नाही.

आपल्याकडे रायगडच्या खारेपाटात हीच कथा वेगळ्या शब्दांत आहे. तिथे मानशीला उघाडी म्हणतात. अलिबाग-पेणच्या गावांत शेतकरी एकत्र येऊन श्रमाने बांध राखत, त्या रीतीला जोळ म्हणत. मग खारभूमी विकासाचे कायदे आणि मंडळ आले, बांध सरकारी झाले, जोळ विरली आणि उधाणाने फुटलेले बांध वर्षानुवर्षे तसेच राहिल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. दोन राज्ये, दोन कायदे, परिणाम एकच. म्हणून मी दिवाडीचा दोष तिथल्या माणसांच्या आळसावर टाकणार नाही. रोजची देखरेख ज्याच्या ताटाशी जोडलेली होती, त्याच्यापासून ती तोडली गेली, हे कारण आहे.

यावर बोलताना लोक लगेच पुलाकडे वळतात. दिवाडीला आजही फेरीबोटीने जावे लागते: जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि पलीकडे डिचोलीच्या नार्वेहून. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. आजारी माणसाला रात्री पलीकडे न्यायचे असेल तर फेरी किती हळू चालते ते तिथे राहणाऱ्यालाच कळते, म्हणून पुलाची मागणी करणाऱ्याला मी बाहेरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही. पूल नको म्हणणाऱ्यांची भीतीही खरी आहे: रस्ता आला की टेकडीचे भूखंड पडतील आणि पडीक खाजनावर भरावाची नजर जाईल. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळे संरक्षण दिले आहे. पण कागदावर खाजन म्हणून नोंद असलेली जमीन प्रत्यक्षात पिकत नसेल, तर ते संरक्षण किती टिकेल याची मला काळजी वाटते. पूल व्हावा की न व्हावा हे बेटाने ठरवावे. बांधाचा प्रश्न त्यासाठी थांबू शकत नाही.

करता येण्यासारखे आहे ते लहान आणि नेमके आहे. मानशीच्या पावणीतला ठरलेला हिस्सा, कोणाच्याही वाट्याआधी, बांधाच्या खात्यात जावा आणि ते खाते ग्रामसभेत वाचले जावे. झडप केव्हा उघडी ठेवायची आणि केव्हा बसवायची याच्या तारखा भातावरून ठराव्यात, पावणीच्या करारात लिहाव्यात, आणि मोडल्यास अनामत जप्त व्हावी. बांधावर रोज चालणारा माणूस पगारी असावा, त्याच्याकडे फावडे, चिखल आणि दोन मजूर लावण्याचा अधिकार असावा, खात्याच्या मंजुरीची वाट न पाहता. कोरगूट पिकवणाऱ्याला त्या तांदळाचा वेगळा भाव मिळावा. हा तांदूळ गोव्याच्या बाजारात लोक शोधून घेतात, फक्त तो पुरेसा येत नाही. रुळांच्या भरावाखालच्या मोऱ्या दर एप्रिलमध्ये साफ झाल्या की नाही हे रेल्वेला पंचायतीने लेखी विचारावे. आणि गांवकारांचे वंशज, कुळांचे वंशज आणि पावणी घेणारा यांनी मेमधल्या एखाद्या उधाणाच्या दिवशी भरती पूर्ण चढलेली असताना बांधावरून एकत्र चालत जावे, कारण झिरपणारी जागा त्याच वेळी दिसते आणि पाऊस यायला तेव्हा तीन आठवडे हातात असतात.